अम्मांची कसम आणि इंटरनेटचा फोन

सोमवार, ११ फेब्रुवारी २००८
लागला! फोन लागला, आणि मी लावला! धाकट्या दिराने, झुबेरने, कुवेतहून पाठवलेली काळी डबी आठ दिवस कपाटावर पडून होती. एक त्याच्या खोलीवर, एक आपल्याकडे. दोन्ही इंटरनेटला जोडल्या की आपसात बोलणं फुकट. महिनाभर आजमावून बघायचं. हे म्हणाले, "दहावीचं इंग्रजी तुझं! कळंबोलीहून माणूस बोलावतो." म्हटलं, थांबा. पुस्तिका आणि लेकीची, यूम्नाची, शाळेतली डिक्शनरी घेऊन बसले. बिस्मिल्ला म्हणून वायर खोचली – हिरवा दिवा! इंग्रजीत एकसष्ट मार्क होते मला, उगाच नाही. खोक्यातला थर्माकोल ठेवून दिला. बरण्यांखाली होईल.

मंगळवार, १२
व्हॉइसमेल समजला. कुणी उचललं नाही तर पाच रिंगनंतर 'टूं' वाजतं, समोरचा बोलतो, ते साठून राहतं. अस्रची नमाज पढून आले तर झुबेरचा निरोप!
"भाभी, अम्मांना ऐकवा. अम्मा, रजा दिली नाही हो मला. पासपोर्ट शेठच्या कपाटात होता. अब्बांना मातीपण–" पुढे नुसती खरखर.
अब्बा गेले त्याला दोन वर्षं झाली. मयतीला झुबेर आला नाही, म्हणून सासूबाईंनी कसम खाल्ली – मरेपर्यंत त्याच्याशी बोलणार नाही. त्याचा फोन आला की तसबीहची माळ घेऊन आतल्या खोलीत जातात. एवढासा जीव, पण हट्ट डोंगराएवढा.
निरोप ऐकवला. भिंतीकडे तोंड करून ऐकला.
"ऐकनं म्हंजे बोलनं नाय," त्या म्हणाल्या. मग, "परत लाव. नीट ऐकू नाय आलं."
चार वेळा लावला.

गुरुवार, १४
लसूण सोलता सोलता अम्मा – "त्या डबीत मी बोलले तर कसम तुटते काय गं?"
म्हटलं, यंत्राशी बोलणं म्हणजे माणसाशी बोलणं थोडंच? मौलवीसाहेबांना विचारू?
"नको! ते 'हो' म्हनाले तर?"

बुधवार, २०
सहा दिवस विचार केला त्यांनी! आज अकराला नंबर लावून दिला. झुबेर ड्युटीवर. 'टूं' वाजलं. अम्मा नुसत्या दोनदा खोकल्या आणि माझ्या हातात रिसीव्हर!
संध्याकाळी त्याचा निरोप – "भाभी, अम्मांचं खोकणं मिळालं. पुसलं नाही मी."
अम्मांना सांगितलं. रात्री भात अर्धाच खाल्ला.

शुक्रवार, २२

अकरा वाजता अम्मा स्वतःच म्हणाल्या, "लाव. आज बोलते." ओढणीचा पदर चांगला सारखा करून बसल्या, जशा काही पाहुण्यांसमोर. मी नंबर लावला. रिंग थांबली तशा त्या बोलायला लागल्या, मोठ्याने, एका दमात –
"झुबेर, तुझ्या बापाच्या कबरीवर गवत वाढलंय. थोरला ताहेर काढतो. तो काढतो तेवढं तुझ्या वाटनीचं राहतं. येऊन काढ."
आणि रिसीव्हरमधून – "अम्मा?"
टूं वाजलंच नव्हतं. जुम्मा! तिकडे सुट्टी. तो खोलीवर होता, त्यानेच उचलला होता.
अम्मांचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आपटणार आता रिसीव्हर. नाही आपटला. दोन्ही हातांनी कानाशी धरला. मग म्हणाल्या, "घसा बसलाय तुझा. तिकडे एसीत झोपतोस काय रे, मेल्या?"
मी स्वयंपाकघरात गेले. पाऊण तास बोलत होते मायलेक.

शनिवार, २३
कसम मोडली की कफ्फारा – दहा गरिबांना पोटभर जेवण. अम्मांनी सकाळीच फर्मान काढलं. "डाळभात नाय, मटन!" मीही आज तेलाला हात आखडला नाही. वाढायला अम्मा स्वतः उभ्या, राणीसारख्या.
हे हसले – "डबी जोडता येते बाईला, पण जुम्माची सुट्टी लक्षात राहत नाही!"
अम्मा म्हणाल्या, "गप रे. चुकतं मानसाचं."
मी मान खाली घालून ताटं उचलली.

रविवार, २४
आज नफल, म्हणजे आपखुशीचा, रोजा ठेवलाय. घरात कारण सांगितलं नाही.
सुट्टी माझ्या लक्षात होती.