पाण्याविना पाच कोस

२ मे १९५४, रविवार. झरी
दिनकरराव कंपौंडरांकडचं डॉक्टरी पुस्तक वाचलं. आठच पानं, पण तेवढी बस झाली. तहान घशाला लागतच नाही! ती मेंदूत लागते, नसा फक्त निरोप नेतात-आणतात. म्हणजे मेंदू ताब्यात घेतला की काम फत्ते.

१६ तारखेला मनकर्णाला बघायला जायचंय. पाच कोस, पायी. तिचे वडील सटवाजीराव विचारत होते म्हणे, मास्तर लोकांत दम असतो का? दाखवतो. पाण्याचा थेंब न घेता जाणार. माझं वय चौतीस, हे सहावं स्थळ. हे जाता कामा नये.

५ मे
ट्रेनिंग सुरू. भर उन्हात ओढ्यापर्यंत. सव्वा तास टिकलो. मग एक तांब्या प्यालो, फरक तपासायला. दुसरा मायच्या आग्रहाखातर.

मेंढरं राखणारा ग्यानबा सारखा घोट घोट पाणी पितो, वर मीठ-कांदा खातो. त्याला नसांची सिस्टीम समजावली. म्हणाला, माझ्या मेंढरास्नी सांगून बघा. अडाणी.

९ मे
तीन तास! डोकं ठणकतंय. लघवी हळदीसारखी. म्हणजे शरीर पाणी राखायला शिकलं. मायवर उगीच ओरडलो. चूक नसांची.

१३ मे
स्थळाचा विचार आला की सावलीतसुद्धा तोंडाला कोरड पडते. पुस्तकात कारण असेल, पण ते दिनकररावांनी परत नेलं. मेंदू मला घाबरवून बघतोय. मी घाबरत नाही.

१६ मे, पहाटे ५
निघतोय. ग्यानबानं पाण्यानं भरलेला भोपळा आणून दिला. ओट्यावरच ठेवला.

सकाळी १०, बाभळीखाली
घाम थांबला. उत्तम. अक्षर जरा हलतंय. सटवाजीरावांचं गाव दिसतंय. दोन दिसतायत.

१७ मे
काल सुमनबाईंनी, म्हणजे मनकर्णाच्या आईनं, गूळपाणी पुढं केलं. हातानंच नको म्हटलं. पुन्हा आणलं, पुन्हा नको. मग मनकर्णा स्वतः तांब्या घेऊन आली. असं कुणाची मुलगी करत नाही. जीभ टाळूला चिकटलेली, बोलता येईना. नुसती मान हलवली.

सटवाजीराव उठले. "आमच्या घरचं पाणी चालत न्हाई, तर सोयरीक कशाला?"

बाहेर आलो आणि शेजारच्या ओट्यापाशी कोसळलो. भान आलं तोवर अर्धी घागर पोटात गेली होती. घर लिंबाजींचं. सटवाजीरावांचे चुलतभाऊ, सात वर्षांपासून बोलणं बंद. सगळी गल्ली बघत होती.

साधा गैरसमज आहे. चिठ्ठीनं मिटेल. सोबत मेंदूची माहिती चार पानं जोडतो.

२४ मे, सोमवार
चिठ्ठीला उत्तर नाही. मनकर्णाचं जमलं. पूर्णा गावचा मुलगा, रेल्वेत आहे. माय बाजारातून ऐकून आली.

"पोरीनंच लावून धरलं होतं म्हणं, ह्याच मास्तरला द्या. म्हून तर तांब्या घिऊन आली की रं ती."

छातीत नुसतं दुखत होतं. माय म्हणाली, शाळेत जा, बरं वाटंल. उन्हाळ्याची सुट्टी चालू आहे हे ती विसरली. मी टोपी घातली आणि निघालो.