मागील खोलीच्या दाराबाबत

मी, या कागदाखाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा गवंडीकाम (आता बंद), शिक्षण चौथी उत्तीर्ण, असे लिहून ठेवतो की, माझे डोके ठिकाणावर आहे. हा मजकूर कोणी धाक घालून अथवा गोड बोलून माझ्याकडून लिहून घेतलेला नाही. सर्वांची नावे, घराचा क्रमांक व चतुःसीमा सोबतच्या परिशिष्टात दिल्या आहेत. वकिलांचा कारकून म्हणाला होता, "काका, तुम्ही नुसतं सांगा, मी छापील नमुन्यात बसवतो." मी त्यास नम्रपणे कळविले की, जो मनुष्य एकच इयत्ता तीन वेळा शिकला, त्यास आपला मजकूर आपण लिहिता येतो.

घाईचे कारण प्रथम नमूद करतो. माझी नात बारावीत आहे. तिची परीक्षा दोन मार्चपासून आहे. माझ्या मुलाची बदली झाली असून त्याने या घरास गिऱ्हाईक पाहून ठेवले आहे. गिऱ्हाइकास ताबा फेब्रुवारीत हवा. मागील आठवड्यात एक गृहस्थ फीत घेऊन आला व मी खाटेवर बसलेला असताना त्याने खोली मोजली. खाटेपाशी येऊन म्हणाला, "आजोबा, जरा पाय वर घ्या." मी पाय वर घेतले. हे मला अद्याप टोचत आहे.

मुलगा म्हणतो, "बाबा, शाळा तिकडेही आहेत की! वर्ष काय पळून जातंय?" वर्ष कसे पळून जाते, हे या घरात मला व माझ्या थोरल्या बहिणीस सोडून कोणास ठाऊक नाही. मी हयात आहे तोवर घर विकले जाणार नाही. परंतु डॉक्टरांनी मला जिने चढण्यास व चिडण्यास मनाई केली आहे, आणि दोन मार्चपर्यंत मी राहीन काय, असे विचारले असता ते छाती तपासण्याच्या नळीकडे पाहून म्हणाले, "जपा." 'जपा' हे उत्तर नव्हे. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम १. हे तीन खोल्यांचे घर मी स्वतःच्या हातांनी बांधले असून त्यात वडिलोपार्जित एक वीटही नाही. ते मी माझ्या नातीस देत आहे. ती सज्ञान होईपर्यंत माझी सून तिच्या वतीने व्यवस्था पाहील, कारण बोलल्याप्रमाणे करणारी या घरात ती एकटी आहे. मुलास येथे राहण्याचा हक्क राहील, विकण्याचा नाही. नात स्वतःच्या तोंडाने "झालं माझं शिक्षण" असे म्हणेपर्यंत हे घर विकू नये, गहाण टाकू नये व कोणी मोजू नये. तिच्या वतीने असे कोणी म्हटल्यास ते ग्राह्य धरू नये.

कलम २. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सर्व ताई म्हणतो, वय वर्षे एक्याऐंशी, हिचा पुढील खोलीतील खिडकीजवळच्या जागेवर तहहयात हक्क राहील. तिला रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम माझ्या पश्चात मुलाने करावे. तिला वाचता येत नाही, पण गाळलेली बातमी तिला बरोबर कळते.

कलम ३. बँकेत जे आहे ते नातीच्या शिक्षणासाठी आहे.

कलम ४. हत्यारे. थापी, गुण्या व पाणसळ ज्या गवंड्यास गरज असेल त्यास द्यावीत. भिंत सरळ आहे की नाही हे दाखवणारा ओळंबा मुलास. भिंती सरळ आहेत, त्या मी पाहिल्या आहेत. त्याने तो स्वतःच्या बोलण्यास लावून पाहावा.

कलम ५. माझे काही राग शिल्लक आहेत. शेजाऱ्याच्या पन्हळीचे पाणी माझ्या भिंतीवर बावीस वर्षे पडत आहे, तो राग मी माफ करतो, कारण भिंत पक्की निघाली. तिसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांवरील राग माफ करीत नाही. तो का, हे समजण्यासाठी मागील हकिकत सांगणे भाग आहे.

माझे वडील गवंडी होते. आमची पद्धत अशी होती की, जी इमारत बांधायची तिच्यातच राहायचे. जोते झाले की त्यावर ताडपत्री, छत पडले की छताखाली. आई खिडकीच्या भोकाला पोते लावी. शेवटी सुतार येई व दारे बसवी. शेवटचे दार बसले की इमारत पुरी झाली, मालक राहावयास येणार, आणि आमचे बिऱ्हाड रस्त्यावर. त्यामुळे सुतार दिसला की आई भांडी आवरायला घेई. आम्ही भावंडे दारास जितकी भ्यालो, तितकी इतर मुले भुतास भीत नसतील.

माझा अभ्यास भिंतीवर होई. पाटी होती, पण ती दुसऱ्या स्थलांतरात फुटली. मी विटेच्या तुकड्याने भिंतीवर पाढे लिहीत असे आणि पुढच्या आठवड्यात वडील त्यावर गिलावा करीत. ते थापी थांबवून विचारीत, "झालं का रे पाठ? का ठेवू थोडी जागा?" एकोणतीसचा पाढा मला येत नसल्यामुळे एका घराच्या जिन्याखालील भिंत तीन दिवस उघडी राहिली होती.

मी चौथीत असताना परीक्षेआधी पंधरा दिवस दारे बसली. नव्या गावी नवी शाळा, पुन्हा चौथी. तेथेही वार्षिक परीक्षेच्या तोंडावर दारे बसली. तिसऱ्या शाळेत मुख्याध्यापकांनी दाखला मागितला. जुना दाखला आणण्यास वडिलांना दोन दिवसांची रजा लागली असती, आणि रजा मागणाऱ्याची जागा मुकादम दुसऱ्यास देई. मुख्याध्यापक वर्गासमोर म्हणाले, "बिनदाखल्याला मागे बसवा. परीक्षेपर्यंत टिकतोय कशाला हा!" त्या दिवसापासून माझे नाव बिनदाखल्या पडले. हाच तो राग.

यापुढील मजकूर मी आजवर कोणास सांगितलेला नाही. मी आयुष्यभर लोकांत सांगत आलो की, परिस्थितीशी झगडून मी स्वतःच्या हिमतीवर चौथी पास झालो. ते अपुरे आहे. तिसऱ्या खेपेस परीक्षेस नऊ दिवस असताना सुतार आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बिजागऱ्यांचे पोते नाहीसे झालेले आढळले. बिजागरीवाचून दार बसत नाही. मुकादमाने सगळे धुंडाळले, शहरातून नवीन माल मागविला, तो येण्यास दहा दिवस लागले. मी परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झालो.

पोते ताईने वाळूच्या ढिगात पुरले होते. ती चौदा वर्षांची होती. दुसरीनंतर तिची शाळा सुटली होती आणि ती घमेली वाहत असे. वडिलांनी तिच्या नखांतील वाळू पाहिली व तोंड फिरवले. वाळूच्या कामावर सर्वांच्याच नखांत वाळू असते, पण तिची ओली होती, ढिगाच्या आतली. चोरीचा आळ वडिलांवर आला. ते "माझ्या हातून हरवलं" इतकेच म्हणाले. दारे बसताच त्यांना कामावरून काढले आणि पुढले चार महिने आम्हांस अर्धवट बांधलेले घरही राहावयास मिळाले नाही. ताईला पुन्हा शाळेत घालण्याचा विषय त्यानंतर संपलाच. इमारत सोडताना तिने पोत्यातील तीन बिजागऱ्या ओच्यात घातल्या. "आठवण म्हणून," असे तिचे म्हणणे. कायद्याने ती चोरी आहे व ती माझ्यासाठी झाली, हे मी येथे कबूल करतो. त्या बिजागऱ्या माझ्या हत्यारांच्या पेटीत तळाशी कापडात आहेत. परत कराव्या, तर ती इमारतही आता नाही.

~~कलम ६. मागील खोलीस दार बसवू नये. नातीचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत चौकट उघडी ठेवावी.~~

(वरील कलम मी रद्द केले आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे. कारण येणेप्रमाणे.)

हे घर बांधून एकेचाळीस वर्षे झाली. मागील खोलीस मी चौकट बसवली, दार बसवले नाही. कैलासवासी पत्नी जन्मभर म्हणाली, "लोकांची घरं पुरी केलीत, आणि आपल्या घराला पडदा! पाहुणे काय म्हणतील?" मी लाकूड महाग असल्याचे सांगत असे. खरे कारण असे की, शेवटचे दार बसले नाही तोवर घर पुरे होत नाही, आणि पुरे न झालेल्या घरातून कोणी आपणांस उठवत नाही. हे शहाणपणाचे नव्हे हे मला कळत होते. कळूनही धाडस होत नव्हते.

नात मागील खोलीत अभ्यास करते. पुढच्या खोलीत मुलाचा दूरदर्शन संच, घरविक्रीचे फोन, माझा खोकला. सहामाहीत तिचे गुण घसरले. दिवाणावर उशी डोक्यावर घेऊन वाचताना मी तिला पाहिले. तिने मला सरळ विचारले, "आजोबा, मला दुसरं काही नको. आतून कडी लागेल असं एक दार द्या ना." मी नाही म्हटले. ती म्हणाली, "मग तुमच्यात आणि बाबांत फरक काय? ते घर विकून माझा अभ्यास बंद करणार, तुम्ही घर ठेवून." एवढे बोलून ती शेजारच्या इमारतीच्या जिन्यात वाचावयास गेली. मी तिच्यावर चिडलो नाही. डॉक्टरांची मनाई आहे म्हणून नव्हे.

काल मी हा मसुदा ताईला वाचून दाखविला. चोरीच्या कलमास तिने मान डोलावली. सहावे कलम ऐकून म्हणाली, "हे काय लिहिलंयस? पुन्हा वाच." मी पुन्हा वाचले.

"अरे शहाण्या, दार बसलं की आपण निघायचो, कारण ती घरं लोकांची होती. हे कोणाचं?"

"माझं."

"मग तुला कोण काढणार? सुतार?"

मी म्हणालो, "ताई, तूच तर दारं अडवली होतीस."

"परीक्षा व्हावी म्हणून अडवली होती! दाराशी काय माझं वैर होतं? पोरीला परीक्षेसाठी दार पाहिजे, तर दार दे. चौथी तीनदा केलीस, तरी कच्चाच राहिलास."

मी सहाव्या कलमावर रेघ मारली.

कलम ६ (नवे). मागील खोलीस दार बसवावे. हे कलम माझ्या मृत्यूनंतर नव्हे, तर आजच अमलात आणले आहे. आज सकाळी सुतार आला. तो आला तेव्हा माझा हात आईसारखाच भांडी आवरायला गेला, हे लपवीत नाही. मी त्यास तीन बिजागऱ्या दिल्या. त्याने गंज घासून, तेल घालून, उघडझाप करून पाहिली व तो म्हणाला, "बाबा, असा माल आता मिळत नाही. कुठून आणलात?" ताई खिडकीतून म्हणाली, "वाळूतून." दार दुपारी तीन वाजता बसले. मुलाने कामावरून येऊन ते दोनदा उघडून लावून पाहिले. मग सुतारास म्हणाला, "खालून थोडं घासतंय." एवढेच म्हणाला. त्याच्या मनात काय आहे, मला ठाऊक नाही. माझी काळजी गेलेली नाही, म्हणून कलम १ जसेच्या तसे कायम आहे.

नात दप्तर घेऊन आत गेली. आतून कडी लागली. मी थोडा वेळ थांबून दारावर टकटक केली. आतून आवाज आला, "आजोबा, नंतर या. अभ्यास करतेय." मी परत आलो, खाटेवर बसलो आणि हा मजकूर पुरा केला. परीक्षेस चोपन्न दिवस आहेत. मी जपत आहे.

साक्षीदार:
१. सुतार, ज्याने दार बसविले व हात धुऊन सही केली.
२. शेजारच्या निवृत्त शिक्षिका, ज्यांनी मजकूर वाचून दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. त्यांचे आभार.

ताई लाभार्थी असल्यामुळे साक्षीदार होऊ शकत नाही. हे तिला मान्य नाही. "पोतं मी पुरलं, अक्कल मी दिली, आणि सही सुताराची?" असे ती म्हणाली. तिच्या समाधानासाठी समासात तिचा अंगठा घेतला आहे. कायद्याने त्यास किंमत नाही. मी ती मानतो.

सही: लिहून ठेवणार, चौथी उत्तीर्ण
दिनांक: सात जानेवारी दोन हजार एकोणीस, वार सोमवार
स्थळ: राहते घर, मागील खोलीच्या बंद दाराबाहेर