यंदा हंस बंद

१ नोव्हेंबर
मुख्याध्यापिका ओस्टरटागबाईंनी बोलावलं. ११ तारखेला रात्री संत मार्टिनच्या मिरवणुकीत मुलं काठीला लावून मिरवतात ते कागदी कंदील यंदा माझ्या चित्रकलेच्या वर्गाने करायचे. पालक खूश झाले, तर वर्ग जानेवारीनंतर चालू. नाही तर बंद. चालेल! मार्टिनच्या गोष्टीत हंस आहेत म्हणून वर्षानुवर्षं ही शाळा हंसाचेच कंदील मिरवते आहे. साचा ठेवा, गिरवा, कापा. याला काय कला म्हणायचं? यंदा हंस बंद.

३ नोव्हेंबर
मुलांना सांगितलं, मनात येईल ते रंगवा, कागद कुठेही कोरा दिसता कामा नये. तिसरीतल्या लोट्टेने विचारलं, सर, हंस काढू? नाही. छोटासा? नाही. नुसती मान? मुलांची कल्पनाशक्ती पार मारून टाकली आहे या लोकांनी.

५ नोव्हेंबर
हस्तकलेच्या ब्रेमरबाई डोकावल्या. म्हणाल्या, फोल्कमार, अरे पतंगाचा कागद घे, आणि रंग जरा बेताने. शुद्ध मत्सर. त्या गेल्यावर मुद्दाम पोस्टर कलरचा तिसरा हात द्यायला लावला.

८ नोव्हेंबर
गुद्रून म्हणते, एकदा आत दिवा लावून तरी बघ. बायको झाली म्हणून काय झालं? कलेत लुडबुड नको. जरा धाकधूक वाटली, पण नाहीच बघितलं.

११ नोव्हेंबर, दुपार
कंदील वर्गात मांडले. अप्रतिम! लोट्टेचा वादळी समुद्र तर निळ्यावर निळा. ओस्टरटागबाई दोनदा वा म्हणाल्या. वर्ग वाचला.

११ नोव्हेंबर, संध्याकाळ
पुढे घोड्यावर मार्टिनचं सोंग घेतलेला स्वार, मागे बँड. रस्त्यावरचे दिवे दरवर्षीसारखे घालवलेले. मुलांनी काठ्यांच्या टोकाचे, कंदिलाच्या आतले बल्ब लावले. मिट्ट काळोख. एकाही कंदिलातून उजेड बाहेर येईना. लोट्टेच्या वडिलांनी विचारलं, सर, सेल टाकायचे राहिले का हो? लोट्टे रडकुंडीला आली. माझा समुद्र कुणालाच दिसत नाही म्हणे. मी समजावू लागलो की खरी कला लगेच दिसत नसते. तिने माझ्याकडे पाहत पेन्सिल समुद्रात खुपसली. उजेड आला. मग सगळ्यांनीच धडाधड भोकं पाडली. पालक टाळ्या वाजवत होते.

१२ नोव्हेंबर
जिंकलो! वर्ग चालू राहणार. पालकांना मुलांची भोकं फार आवडली. त्यांची एकच अट आहे. सरांनी कपाट उघडून रंग द्यावेत, तास संपला की कपाट लावावं, मधे बोलू नये. मी ओस्टरटागबाईंना ठणकावून सांगितलं, असल्या अटीवर फोल्कमार हेनिंग काम करत नसतो! कपाटाची किल्ली मला उद्या सकाळी मिळेल.