घर मशीनवालीच्या नावे

लिहून ठेवणार मी, खाली सही करणारी, वय सत्तरीच्या पुढे, धंदा शेती, राहणार याच गावात, याच घरात. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, डाव्या डोळ्याला अंधुक दिसते आणि माडीवर चढले की धाप लागते; पण मृत्युपत्राला डोके पुरते, असे वकिलांनी सांगितले. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून घोळात घेतलेले नाही. मी दमले आहे, एवढेच. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते खोटे समजावे.

सर्वांची पूर्ण नावे, शेताचे गट नंबर आणि चतुःसीमा वकिलांनी सोबतच्या जोडपत्रात लिहिल्या आहेत. इथे मात्र मी ज्याला जे म्हणत आले तेच लिहिते. दुसऱ्या नावांनी मला त्या माणसांबद्दल बोलता येत नाही.

कलम १. घर आणि शेत दोन्ही माझ्या एकटीच्या मालकीचे आहे. यजमानांनी हयातीतच ते माझ्या नावे करून दिले. "तुझ्या नावावर असलं म्हणजे मला कोणी जामीन राहायला बोलावणार नाही," असे ते म्हणायचे. माझ्यावरच्या मायेने केले की जामिनकीच्या धास्तीने, हे मी कधी विचारले नाही. मला मुलगे दोन. थोरला शहरात, बस डेपोत मेकॅनिक आहे. तो वाईट नाही, फक्त सदा घाईत असतो. धाकटा माझ्याजवळ राहून शेती करत होता. तो आता नाही.

कलम २. धाकट्याबद्दल लिहिल्याशिवाय मला घराबद्दल लिहिता येणार नाही. वकील म्हणाले, "एवढं कशाला? कोणाला काय द्यायचं तेवढं सांगा." मी म्हटले, कोणाला का द्यायचे ते मी नसताना कोण सांगणार? त्यांनी आणखी एक कोरा कागद काढला.

धाकट्यासाठी मी मुली पाहून पाहून थकले. तो दिसायला चांगला, हाताला कष्टाळू, तोंडात वाईट शब्द नाही. पण मुलीचा बाप विचारायचा, "मुलगा काय करतो?" मी म्हणायचे, शेती. "ते कळलं. पण करतो काय?" चहाचा कप अर्धा ठेवून आम्ही उठायचो. एका घरी तर मुलगीच मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, मुलात खोट नाही. पण मी माझ्या आईला शेतात बघितलंय." मला तिचा राग आला नाही. तिची आई तिथेच चुलीपाशी बसली होती. तिचे हात मी पाहिले होते. माझेही तसेच आहेत. त्यानंतर मी स्थळे पाहायला जाणे सोडले आणि धाकट्याने हुश्श केले.

मग मशीनवाली आली. नवरा परमुलखात गेला तो गेलाच. ना पत्र, ना फोन, ना फारकत. पदरात लहान मुलगी आणि सोबत शिलाईचे मशीन. रस्त्याकडची पुढची खोली मी तिला भाड्याने दिली. गावातल्या बायकांचे ब्लाउज, शाळेचे गणवेश, फाटलेल्या पिशव्या, जे येईल ते ती शिवायची. दिवसभर मशीनची घरघर. मला त्रास होईल असे वाटले होते. उलट थांबली की चुकल्यासारखे व्हायला लागले.

थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आले की धाकट्याच्या शर्टांची बटणे फार तुटतात. मी म्हटले, "काय रे, सगळ्याच शर्टांना एकदम रोग लागला का?" तो लाजून गोठ्यात गेला. मग मी तिलाच विचारले. ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "काकू, तुम्ही सांगाल तर उद्या खोली सोडते." मी म्हटले, "खोली सोडू नकोस. स्वयंपाक एकत्र कर. दोन चुली कशाला जाळायच्या?"

एवढेच झाले. लग्न झाले नाही, होणार नव्हते. कायद्याने ती दुसऱ्याची बायको. गावातल्या निम्म्या बायकांनी तिच्याकडे कपडे टाकणे बंद केले. नंतर तालुक्याचा शिंपी बाह्या बिघडवतो म्हणून एकेक करून परत आल्या. धाकटा त्या काळात जेवताना बोलायला लागला. आधी तो नुसता जेवायचा.

कलम ३. मागच्या उन्हाळ्याआधीच्या उन्हाळ्यात, भर दुपारी विहिरीवरची मोटर बंद पडली म्हणून तो बघायला गेला. वायर उघडी पडली होती. आधी ती धावली, मी मागून. याच्यापुढे मला लिहिता येत नाही आणि लिहायची गरजही नाही.

त्या दिवशी घर माणसांनी भरले. ती त्याच्या उशाशी बसली होती. माझ्या दिरांनी सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "ही कोण? हिला बाहेर बसवा." मी म्हटले, "ती बसलीय तिथंच बसेल. ज्यांना जागा पुरत नाही त्यांनी अंगणात बसावं." दीर अंगणात गेले. अजून ते माझ्याशी बोलत नाहीत आणि मलाही आता त्यांचे ऐकण्याइतके त्राण नाही. त्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

पुढे महिन्याभराने थोरला आला. म्हणाला, "आई, आता तोच नाही. तिचं इथं काय काम?"

"माझे कपडे शिवते."

"गंमत करू नकोस. सगळं विकून टाकू, तू माझ्याकडे चल."

त्याच्याकडे मी राहून आले आहे. सून चांगले बघते, वेळेवर औषध देते. पण तिथे दिवसभर गॅलरीतल्या खुर्चीवर बसून मी जेवढी दमले तेवढी कापणीतही कधी दमले नव्हते. मी नाही म्हटले. तो जाताना मशीनवालीशी एक शब्दही बोलला नाही.

कलम ४. यंदा काढणी उरकली तसे मशीनवालीने सामान बांधायला घेतले. मला म्हणाली, "काकू, सकाळी टेम्पो सांगितलाय."

"कोणी काही बोललं का?"

"कोणी नाही. पण तुम्ही आहात तोवर मी इथं. तुमच्यानंतर मला बाहेर काढतीलच. तेव्हा पोरगी मोठी असेल, तिला सगळं कळेल. आता निघाले तर तिला नुसतं गाव बदलल्यासारखं वाटेल."

किती दिवस ती हा विचार करत माझ्या शेजारी भाजी निवडत बसली असेल, कोण जाणे. मी म्हटले, "टेम्पो येऊ दे. मला तालुक्याला जायचंय, वकिलाकडे."

तेव्हा मी असे ठरवून लिहिते की माझे राहते घर, पुढची खोली, माडी, गोठा आणि अंगणासह, माझ्या पश्चात मशीनवालीच्या एकटीच्या मालकीचे व्हावे. वकिलांनी विचारले, "नात्याच्या रकान्यात काय लिहू? सून लिहिलं तर कोर्टात टिकणार नाही." मी म्हटले, मग रकाना मोकळा ठेवा. तो मोकळा आहे तो विसरून राहिलेला नाही, हे वाचणाराने ध्यानात घ्यावे. शिलाईचे मशीन, कात्र्या आणि लाकडी फळी तिची स्वतःची आहे. ती माझ्या मालमत्तेत कोणी धरू नये.

कलम ५. शेत थोरल्याला. विकले तरी माझी हरकत नाही. कसणारा राहिला नाही तर माती काय पुजायची आहे? फक्त विहिरीपलीकडचा लिंबांचा तुकडा मशीनवालीच्या मुलीला. धाकट्याने ती झाडे तिला खांद्यावर बसवून लावली. ती सज्ञान होईपर्यंत तिच्या आईने सांभाळावा, आणि थोरल्याने तिथल्या जाण्यायेण्याची वाट अडवू नये.

पूर्वेचा शेजारी नांगरताना दरवर्षी आमच्या बांधात नांगराच्या एका ओळीइतका आत सरकतो, हे थोरल्याने ध्यानात ठेवावे. मोजणी करून घ्यावी. शेजाऱ्याला हे मी तोंडावर सांगितले आहे आणि साक्षीलाही त्यालाच बोलावले आहे. तो म्हणाला, "बांधाचं भांडण बांधावर, काकू. सहीला मी कधी नाही म्हटलं?"

कलम ६. माझे कानातले थोरल्या सुनेला. जड आहे, रोज घालू नये. माझे कान त्यानेच ओघळले. फवारणीचा पंप शेजाऱ्याकडे पडून आहे, तो आणून थोरल्याने वापरावा नाहीतर कोणाला देऊन टाकावा. धाकट्याचे कपडे मी कोणाला दिलेले नाहीत. त्यांचे काय करायचे ते मशीनवालीने ठरवावे, कोणी तिला विचारू नये.

कलम ७. हे सगळे मी थोरल्याला फोनवर वाचून दाखवले. लपवून ठेवण्याइतकी ताकद आता माझ्यात नाही. त्याने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाला, "लोक काय म्हणतील?"

"लोकांना मी काही ठेवलेलं नाही."

पुढे म्हणाला, "कोर्टात मी जाणार नाही, आई. पण त्यानं तिच्याबद्दल मला कधी एका शब्दानं सांगितलं नाही. सख्खा भाऊ होतो मी. आणि आता त्या घरात मी पाहुण्यासारखा येऊन बसू?"

त्याचे म्हणणे खोटे नाही. मशीनवालीला विनंती करते, हुकूम नव्हे, की तो आला तर माडी त्याच्यासाठी उघडावी. चहा पुढे करताना त्याच्याशी दोन शब्द बोलावेत. तो पहिल्यांदा बोलणार नाही. मला माहीत आहे, मी त्याची आई आहे.

कलम ८. शेवटचे, आणि सगळ्यात नीट वाचावे असे. मशीनवालीने या घरात राहिलेच पाहिजे अशी अट नाही. माझा फोटो लावावा, दिवा लावावा, धाकट्याच्या आठवणीत बसून राहावे, असे काहीही नाही. तिला वाटले तर विकावे, कुलूप लावावे, दुसऱ्या गावी जावे, कोणाशी संसार थाटावासा वाटला तर थाटावा. घर दिले म्हणून तिला कोणी जाब विचारू नये. मी परकरी पोर असताना या उंबऱ्याच्या आत आले, आणि जायचे की राहायचे हे मला कोणीच विचारले नाही. तिला मी विचारते आहे. उत्तर मला द्यायची गरज नाही.

वरील मजकूर वकिलांनी मला दोनदा वाचून दाखवला. पहिल्यांदा मी ऐकला, दुसऱ्यांदा मला मध्येच डुलकी लागली; पण फरक काही नव्हता, असे साक्षीदार सांगतात.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च, सोमवार

लिहून ठेवणार: सही (वाकडी आली आहे, पण सही माझीच आहे.)

साक्षीदार १: निवृत्त पोस्टमन. सही. आमच्यासमक्ष सही केली.
साक्षीदार २: पूर्वेचा शेजारी. सही. आमच्यासमक्ष सही केली. बांधाबद्दलचा मजकूर मान्य नाही, बाकी बरोबर.