डाव्या हाताची सरस्वती

५ ऑक्टोबर १९८८

पेन्सिली नकोतच! पर्यवेक्षिकाबाई आल्या आणि "अजून एक अक्षर नाही?" म्हणून फणकारून गेल्या. चार वर्षांच्या बोटांत जोर कुठला? आधी चिंचोके चिमटीत धरू देत, मातीचे साप वळू देत. आज यंत्रमागाच्या कारखान्यातलं वाया गेलेलं सूत आणलं. फरशीवर खडूनं मोठ्ठा ग काढला, मुलांनी त्यावर सूत मांडलं. बकुळेचं सगळ्यांत सुबक. डाव्या हातानं मांडते. मी टोकलं नाही. मदतनीस आक्का कुरकुरली — "वळण आताच लावा बाई, पुढं जड जाईल."

११ ऑक्टोबर

बकुळेनं राखेच्या ताटात बोटानं ग काढला. न बघता! गुणाची पोर.

१९ ऑक्टोबर

उद्या दसरा, म्हणून आज बालवाडीत पाटीपूजन. शेलार गावातले आईबाप झाडून आलेले. पहिली सरस्वती कोण काढणार? मी बकुळेला पुढं केलं — मिरवायची हौस मलाच! तिनं पाटीवर झरझर एकड्यांची सरस्वती काढली. डाव्या हातानं. एक बाई फिसकन हसली, "ज्या हातानं धुवायचं, त्याच हातानं देवी!"

बकुळेचा बाप काळूराम निजामपुऱ्यात लूम चालवतो. शिफ्ट संपवून तसाच आला होता. पोरीला दंडाला धरून फरफटत नेलं. मला एवढंच म्हणाला, "गावात नाक कापलं आमचं."

२१ ऑक्टोबर

मेल्यानं बोटं ठेचली तिची! धोट्यानं! लूमचा तो लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंड. उंबऱ्यावर हात ठेवायला लावला आणि हाणला. आई सीताबाई मधे पडली तर तिचं डोकं भिंतीवर आपटलं. तीच सांगत आली, पदरानं रक्त टिपत. "दोन बोटं मोडली, बाई. हूं की चूं न्हाय केलं पोरीनं."

चौकीवर गेले. हवालदार हसला — "बापच ना? शिस्त लावली असेल." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

२६ ऑक्टोबर

आज काळूराम स्वतः बकुळेला घेऊन आला. डावा हात प्लास्टरमध्ये. भर वर्गात तिच्या उजव्या हातात खडू कोंबला. "आता बघा कशी काढते!" पोरीनं रेघ ओढली, ती कुठल्या कुठे गेली. त्यानं तिच्या कानफटात ठेवून दिली. कळवळून खाली बसली. त्यानं परत हात उगारला.

मग मला काही दिसलं नाही. दाराचा अडसर उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. पाठीवर घातला. तो पडला, तरी घातला. आक्कानं ओढलं तेव्हा थांबले. काळूराम ओठातलं रक्त पुसत, भिंत धरत निघून गेला. बकुळेनं हसून बघितलं माझ्याकडे.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

४ नोव्हेंबर

सीताबाई ओटी भरायला आली! म्हणे, "तवापासून हात उचलत न्हाय. गाय झालाय." हे आधीच व्हायला हवं होतं, असं आक्कासुद्धा म्हणाली. भलत्याला भलतंच औषध लागतं.

२१ नोव्हेंबर

प्लास्टर निघालं. बोटं लाकडासारखी ताठ. उजव्या हातानं ती काढत नाही, डाव्यानं काढवत नाही. हा हात परत चालला नाही तर ती लिहायचं सोडूनच देईल. रोज कणकेचा गोळा दाबायला देते. नंतर ओली चिंधी पिळायची.

५ डिसेंबर

चिंचोका धरला! थरथरत, पण धरला. मी आणि आक्का दोघी रडलो.

धाकट्या मंदालाही आता सीताबाई पाठवते. अडीच वर्षांची. बकुळा तिला शेजारी बसवून रेघा शिकवते.

१४ डिसेंबर

किंकाळी ऐकून आत धावले. बकुळेनं मंदाला कोपऱ्यात दाबून धरलं होतं. माती लाटायचं लाकडी लाटणं डाव्या हातात, घट्ट. मंदाचा ओठ फाटलेला, दोन्ही हात डोक्यावर. मी लाटणं हिसकावलं. बकुळा जराही घाबरली नाही. म्हणाली, "रेघ वाकडी काढते ती. आता नीट काढल. तुमी बापाला हाणलं तवा तो नीट झाला ना, बाई?"