शेवटचा टाका

ता. ९ जानेवारी

चि. खुडबुड्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. उत्तर देत नाहीस, म्हणजे धडधाकट असशील असं धरून लिहिते. तुझ्या भाचीचा खोकला गेला. तोंडाचा पट्टा आहे तसाच आहे.

आमची मजुरी वाढली. मालकाच्या टेबलापुढे आम्ही सगळ्या बायका ठाण मांडून बसलो. पुढे कोण होतं ते तुला सांगायला नको. मालक आरडाओरडा करील म्हणून मी घसा खाकरून तयार, तर हा हसला. देतो म्हणाला. वर चहा मागवला. मी कप तसाच ठेवला. आम्ही फुटबॉल शिवतो त्या हॉलमधला मोडका पंखा याने कधी बदलला नाही, आणि आज एवढा गोड?

आता पुढचं ऐक. मागची कोठी रिकामी केली. फरशी नवी, वायरी नव्या, दाराला कुलूप, काचांना आतून कागद. एक चष्मेवाला येतो. विचारलं तर म्हणतो, संशोधन चाललंय. कसलं विचारलं तर बूट बघत बसतो. माझ्या डोक्यावर कॅमेरा टांगलाय. तोंड नाही, फक्त हात घेतो म्हणे. मावशी, जरा सावकाश शिवा, असं सांगतो. मालक जन्मभर भरभर शिवा म्हणत आला आणि आता सावकाश? यात नक्की पाणी मुरतंय. आम्ही स्वस्त होतो तोवर या माणसाला काही सुचत नव्हतं.

तू मशीनवाल्यांत वावरतोस. काय ते सरळ सांग. हे काम गेलं तर मला दुसरं काही येत नाही.

जेवत जा. माया असेल तर उत्तरात दिसू दे.

तुझी ताई

ता. २१ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. शिव्या नेहमीपेक्षा कमी होत्या, तब्येत बरी नाही का?

तू उगाच काळजी करतेस. मजुरी वाढली की सगळेच मालक नवीन काहीतरी करून बघतात. माणसं स्वस्तात मिळतात तोवर डोकं कोण चालवतो? आमच्याच वर्कशॉपचं बघ. किती दिवस नुसते पाने पुसत बसलो होतो, आता एकदम एका नव्या यंत्राचं मोठं काम आलंय. साहेब म्हणाले, हे यंत्र चाललं तर मला कायम करतील.

सहज विचारतो, चेंडूचा शेवटचा टाका घालताना गाठ आत कशी ओढतेस? लहानपणी शेजारी बसून बघायचो, पण कधी कळलं नाही. आणि अंगठ्याला ती हिरवी चिंधी बांधून शिवू नकोस. पकड सुटते.

भाचीला गोड पापा. लोभ आहे तेवढा तरी राहू दे.

तुझा खुडबुड्या

ता. २ फेब्रुवारी

खुडबुड्या,

आशीर्वाद यावेळी राखून ठेवलेत.

अंगठा कापल्याचं मी तुला लिहिलंच नव्हतं. घरी येऊन तर तुला युगं लोटली. मग हिरवी चिंधी दिसली कुठे? मी सांगते. त्या कॅमेऱ्यात दिसली. आमच्या मालकाचं काम तुझ्याच साहेबाकडे आलंय.

वा रे वा! मजुरीसाठी ठाण मी मांडलं आणि त्यावर नोकरी लागायची तुला, ती माझं काम काढून घ्यायची! आणि वर सहज विचारतोस! जन्मात कधी माझ्या टाक्याची चौकशी केली नाहीस.

तर हेही ऐकून ठेव. कॅमेरा लागल्यापासून मी उलटं शिवते. दोरा डाव्या हाताने ओढते, गाठ बाहेर ठेवते. बाकीच्या बायकांनाही तेच करायला लावलंय. चष्मेवाला गेला की उसवतो आणि नीट शिवतो. जा, कर चुगली.

ताई

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. चुगली करायची असती तर केव्हाच केली असती.

पडद्यावर पहिल्याच दिवशी तुझी वाकडी करंगळी ओळखली. उलटं शिवतेस तेही ओळखलं. तू शिवलेल्या चेंडूवर मी कधी गाठ पाहिली आहे का? पण साहेबांना बोललो नाही. आता यंत्र अख्खा चेंडू झकास शिवतं आणि शेवटच्या टाक्याला फाडून ठेवतं. साहेब माझ्यावर खेकसतात. महिनाअखेर तुझा मालक बघायला येणार. नाही चाललं तर यंत्र भंगारात आणि मी दाराबाहेर.

तू शिकव असं म्हणायला मला तोंड नाही. एवढंच सांगतो, चिंधीचं मी चुकून लिहिलं नव्हतं. सरळ सांगायची छाती होईना. पण तू पकडशील याची खात्री होती.

रागाव, पण पत्र टाक.

खुडबुड्या

ता. १९ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास,

आशीर्वाद. अर्धेच.

काल सगळ्या जणींना घेऊन मालकाकडे गेले. म्हटलं, यंत्र आणा. पण त्यावर आम्हीच बसणार, याच मजुरीत, आणि शेवटचा टाका आमच्या हातचा, तो यंत्राला जमायचा नाही. तो पुन्हा हसला, देतो म्हणाला. मी म्हटलं, हसून झालं असेल तर लिहून सही करा. हसू गेलं. तोंड वाकडं करून सही केली. तेव्हा कुठे माझा थोडा विश्वास बसला.

तेव्हा साहेबाला सांग, यंत्राने शेवटची फट उघडी ठेवून चेंडू बाजूला टाकावा. म्हणजे फाटायचा प्रश्न नाही, आणि तू दाराच्या आत.

टाका मात्र कॅमेऱ्याला दाखवणार नाही. ज्या दिवशी तो मालकाला कळेल, त्या दिवशी त्या सहीला कोण विचारतंय?

पण लहानपणी शेजारी बसून तुला तो कळला नाही, हे मनाला लागलं. रविवारी ये. स्वयंपाकघरात बसवून शिकवते. पुढे कुणाला दाखवायचा ते तुझं तू ठरव.

येताना खिसे रिकामे ठेव. दारातच तपासणार आहे. उरलेले आशीर्वाद त्यानंतर.

तुझी ताई