ठिपका, माशी आणि माझा चुकलेला नेम

न्यूएल, साउथ डकोटा
मंगळवार, जेवणानंतर

ति. अक्का हिला धाकट्या ओरिनचा वाकून नमस्कार. (वाकून हे लिहिण्यापुरतं. शुक्रवारपासून पाठ धरली आहे, त्याचं कारण पुढे येईल.) तुझा गुडघा कसा आहे? सू फॉल्सच्या त्या नव्या घरात पायऱ्या नाहीत हे ऐकून मार्लिसला बरं वाटलं. आम्ही दोघंही मजेत आहोत. तुझ्याकडे माझं काही काम नाही, पत्र सहजच लिहितो आहे. सहज पत्र लिहिण्याची माझी सवय नाही हे मला माहीत आहे, तेव्हा ते तू म्हणू नकोस.

तर झालं असं, की बारा दिवसांत कोल्ह्याने नऊ कोकरं नेली. हा आपल्याकडचा नेहमीचा कोल्हा नव्हे, याला लाज म्हणून नाही. सूर्य उगवता उगवता कुंपणाशी येऊन उभा राहतो आणि मी बंदूक उचलेपर्यंत जांभई देतो. आपला शेजारी डुएन केसलर म्हणाला, ओरिन, तुझी ती जुनी बंदूक आता भिंतीवर शोभेल, नवी रायफल घे, तिच्यावर लाल ठिपका बसव. हा ठिपका म्हणजे एक छोटी डबी. तिच्या काचेत लाल टिंब दिसतं, ते कोल्ह्यावर ठेवायचं आणि घोडा ओढायचा. मी विचारलं, सेल संपला तर? तर म्हणे त्यासाठी लोखंडी नेमही ठेवायचा. तो हवा तेव्हा उभा करायचा, नको तेव्हा आडवा पाडायचा. पुढे नळीच्या टोकाला माशी, म्हणजे एक बारीक खुंट, आणि मागे भोक असलेलं पान. भोकातून माशी बघायची. म्हणजे एका बंदुकीला दोन नेम. एका घरात दोन सासवा असल्यासारखं हे मला तेव्हाच वाटलं होतं, पण बोललो नाही.

सगळं विकत आणलं, आणि शुक्रवारी डुएन आला. त्याचं म्हणणं, भोकातून बघितलं की लाल ठिपका माशीच्या डोक्यावर नीट बसलेला दिसला पाहिजे, तो बसला की काम झालं. मला पटलं. आम्ही कुरणात गवताच्या गठ्ठ्याला कागद लावला आणि पन्नास यार्डांवर पालथे पडलो. (पाठ तिथे धरली.) मी ठिपका माशीकडे आणायला लागलो. मी कॉफी ओतायला उठलो की डुएन माशी ठिपक्याकडे आणायचा. आपण काय करतो आहोत हे दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही, त्यामुळे ठिपका आणि माशी वाटेत एकमेकांना ओलांडून पुढे गेले. शिवाय गोळी वर न्यायची असेल तर माशी खाली फिरवायची, पण मागचं पान मात्र जिकडे गोळी हवी तिकडेच सरकवायचं. हे कोणी ठरवलं ते मला विचारू नकोस. दुपारपर्यंत ठिपका माशीच्या डोक्यावर अगदी टोपीसारखा बसला. मी गोळी झाडली. कागद कोरा राहिला, आणि डावीकडे बऱ्याच लांब असलेल्या मेंढ्यांच्या पाण्याच्या टाकीतून कारंजं उडालं. मेंढ्या आधी टाकीकडे बघत होत्या, मग माझ्याकडे.

त्यात ठिपका मला गोल दिसतच नव्हता. तो स्वल्पविरामासारखा होता, खाली उजवीकडे शेपूट असलेला. मला वाटलं हल्ली असेच येत असतील. मग वाटलं डबी खराब आहे. दुकानदाराने बिचाऱ्याने काही न विचारता शनिवारी दुसरी दिली. तिच्यातही स्वल्पविरामच. एवढं खरं, की मागच्या पानाच्या भोकातून बघितलं की तोच ठिपका गोल व्हायचा, आणि पान आडवं पाडलं की पुन्हा शेपूट फुटायची. माझं डोकं चालेना.

रविवारी डुएनने डबीबरोबर आलेली पुस्तिका वाचली. (पुस्तिका आधी वाचली असती तर टाकी वाचली असती, असं मार्लिस म्हणते.) तिच्यात लिहिलेलं, की दोन्ही नेमांचा एकमेकांशी संबंध नाही. लोखंडी नेम वेगळा बसवायचा, ठिपका वेगळा बसवायचा. दोन्ही खरे असले की आपोआप जुळतात, आणि दोन्ही खोटे असले तर जुळूनही उपयोग नाही. ठिपका काचेच्या कोपऱ्यात दिसला तरी गोळी ठिपक्यावरच जाते म्हणे. यावर आम्ही तासभर भांडलो. मग डुएनने ठिपका बंद केला, नुसत्या लोखंडावर गोळ्या टाकल्या, माशी फिरवली, पान सरकवलं, आणि पाच गोळ्या मुठीएवढ्या जागेत बसवल्या. मग लोखंड आडवं पाडून ठिपक्याचंही तसंच केलं.

नंतर मी झोपलो, म्हणजे बंदुकीमागे. लोखंडावर माझ्याही गोळ्या मुठीत. ठिपक्यावर मात्र उजवीकडे खाली, वाटेल तिथे. इतक्यात मार्लिस बटाटे-खिम्याच्या हॉटडिशचं गरम भांडं घेऊन आली.

"बघू मला," म्हणाली आणि ॲप्रनसकट आडवी झाली. एकच गोळी, बरोबर मधोमध.

"शेपूट कुठे धरलीस?" मी विचारलं.

"कसली शेपूट? गोल आहे की चांगला."

मी डुएनकडे बघितलं. तो त्याच्या बुटांकडे बघत होता.

"गोलच आहे रे," तो म्हणाला. "माझ्या मेव्हणीलाही अशाच शेपट्या दिसायच्या. बुबुळाला बाक असतो. बारीक भोकातून बघितलं की कळत नाही. चष्म्याने जातं."

अक्का, हॉटडिश गार झालं पण कोणी वाढून घेतलं नाही. मला हायवेच्या चौकातला लाल दिवा आठवला. हिवाळ्यापासून तिथे दिव्यांना झालरी लावल्यात असं मी समजत होतो, आणि गाव सुधारतंय म्हणून बरंही वाटत होतं. आणि गेल्या गुरुवारी मी शाळेची बस एका फाट्यावर थांबवली, दार उघडलं आणि म्हणालो, "चढ बाळा, उशीर होतोय." तो चढेना. मी दोनदा म्हणालो. मागची मुलं हसली, मीही हसलो, कारण ती खांबावरची पत्रपेटी होती. हे मी मार्लिसला तेव्हा सांगितलं नव्हतं. रविवारी सांगितलं. ती हसली नाही. त्या बसमध्ये एकोणीस मुलं असतात, आणि पुढे ओढ्यावरचा तो अरुंद पूल आहे. तुला काय सांगायचं, तू बावीस वर्षं त्याच रस्त्यावर बस चालवलीस.

बाकी सगळं ठीक. काळजी नसावी. टाकीला ठिगळ लावलं आहे. थोरल्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि तुझ्या मांजरीला जे चालत असेल ते.

तुझा,
ओरिन

ता. क. कोल्हा गेला. काल पहाटे मार्लिसने झोपायच्या झग्यावरच एका गोळीत काम केलं. रायफल आता तिची आहे असं ती म्हणते, आणि मी काय बोलणार?

ता. क. २. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ उद्याची, बुधवारची मिळाली आहे. चष्मा यायला आणखी दहाएक दिवस. मी घाबरलेलो नाही. मार्लिस काही वेगळं सांगेल, तिचं ऐकू नकोस.

ता. क. ३. काल सकाळीच मुख्याध्यापकबाईंकडे जाऊन बसच्या किल्ल्या ठेवल्या. त्यांनी विचारलं, हा आठवडा मी कसाबसा भागवीन, पण येत्या सोमवारपासून कोण चालवणार? माझ्या तोंडून तुझं नाव निघून गेलं. त्यांना इतका आनंद झाला की मला परत घेता येईना. मागची खोली झाडून ठेवली आहे. तुझं बसचं लायसन अजून चालू आहे, असंही मी ठासून सांगितलं आहे. आहे ना, अक्का?